डावखुऱ्याचा वकील

दादाचं टोपणनाव काढादादा. सर्दीवर पितात तो काढा नव्हे, 'त्याला काढा' मधला काढा. आपल्या क्रिकेट टीममधून कोणाला काढायचं हे गेली तीस वर्षं दादा ठरवत आला होता, आणि निवड समिती त्याचं ऐकत नसे हा समितीचा करंटेपणा. सलग दोन डावांत पडला? काढा. सोपा कॅच सोडला? काढा. लग्न झाल्यापासून खेळात लक्ष नाही? काढा, आणि का काढलं ते बायकोलाही कळवा. एकदा तर भरात येऊन त्याने अंपायरलाच टीममधून काढलं होतं.

ही दरबारी कामं चालत ती त्याच्या धाकट्या बहिणीच्या चष्म्याच्या दुकानात. दादा शाळेची बस चालवायचा. सकाळची मुलं शाळेत सोडली की तीन वाजेपर्यंत मोकळा. मग दहाच्या सुमारास तो दुकानात येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसे. शेजारचा टेलर शर्टाला बटणं लावायचं काम हातात घेऊन येई. गणिताचे रिटायर्ड मास्तर यायचे, ते मात्र सरासरी तोंडपाठ करून. कपाटावरच्या छोट्या टीव्हीवर मॅच असली तर मॅच, नसली तर मागच्या मॅचचं पोस्टमॉर्टेम.

बहिणीला सगळे ताई म्हणत; एकटा दादा तिला बावन्नाव्या वर्षीही चिमी म्हणायचा. ताईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ती आपली चाकावर काचा घासत बसे. सोळाव्या वर्षी वडिलांनी तिला त्या चाकापुढे बसवलं होतं. खरं म्हणजे त्यांना बसवायचं होतं दादाला, मुलगा म्हणून. पण दादाने आठवड्याभरात अकरा काचा फोडल्या आणि वडिलांना सरळ सांगितलं, "मला नका घेऊ. चिमीला घ्या. तिचा हात बघा एकदा." वडिलांनी बघितला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. दादाने आयुष्यात कोणाला तरी आत घ्या म्हटलं ते तेवढंच, असं टेलर म्हणायचा.

म्हणूनच या हंगामात सगळे चक्रावले होते. टीममधला जुना डावखुरा बॅट्समन, वय सदतीस, सात-आठ महिने नुसता चाचपडत होता. चार, अकरा, शून्य, नऊ. देशभर ओरड चालली होती की याचा फॉर्म गेला, नव्या पोराला आणा. काढादादाने तर केव्हाच कुऱ्हाड चालवायला हवी होती. पण दादा त्या डावखुऱ्याचा वकील होऊन बसला.

"अहो, शेवटच्या चौदा डावांत सरासरी सोळा," मास्तर म्हणाले. "सोळा म्हणजे काय खेळ झाला?"

"सरासरी काय सांगता? बावीस वर्षं खेळतोय तो," दादा म्हणाला. "एकदा बाहेर काढलात की आत कोण घेणार त्याला? नवा पोरगा जागेवर चिकटला की संपलं. जरा दम धरा की."

"दादा, तब्येत बरी आहे ना?" टेलरने सुई दातात धरून विचारलं. "तुम्ही आणि दम धरा म्हणता?"

सगळे हसले, दादा हसला नाही. ताईने चाक थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तिला क्रिकेट कळत नसलं तरी दादा कळत होता. तीस वर्षं कोणाचीही गय न करणारा माणूस एका अनोळखी बॅट्समनसाठी इतका का हळवा झाला? हा किडा तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

आधी तिने डावखुऱ्याचाच अभ्यास सुरू केला. एवढं काय आहे त्याच्यात, बघू तरी. चार-पाच दिवस तिने मन लावून मॅच पाहिली. बॅट, बॉल, रन तिला दिसतच नव्हते. तिला दिसत होता चेहरा. जन्मभर तिने हेच केलं होतं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मान कशी धरतं, पायरी कशी उतरतं, यावरून ती निम्मा नंबर सांगायची. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "हा माणूस मान फार वळवतोय. हनुवटी अशी खांद्याच्या पुढे आणतोय. त्याचा पुढचा डोळा नीट काम करत नाही, म्हणून मागच्याने बघायची धडपड आहे ही. फॉर्म-बिर्म काही नाही. नजर तपासा त्याची."

मास्तर खूश झाले. हा मुद्दा कुठल्याच पेपरात आला नव्हता. टेलरने तर समितीला पत्र लिहू म्हटलं.

दादा मात्र ताडकन उठला. "डोळ्याचं काही बोलू नकोस, चिमे. उगाच कोणाच्या पोटावर पाय देऊ नये." आणि चहा अर्धा टाकून निघून गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांत डावखुऱ्याने एकशे बेचाळीस ठोकले. मान तशीच वळलेली. मास्तरांनी ताईची इतकी चेष्टा केली की ती शेवटी म्हणाली, "बरं बाबा, चुकले. देवाने एकेकाची मानच तशी बसवलेली असते." पण त्याच मॅचमध्ये दुसरंच काही घडलं, आणि त्याकडे ताईखेरीज कोणाचं लक्ष गेलं नाही.

एका गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून ताईने टीव्हीचा आवाज बंद केला. दादा इतर वेळी प्रत्येक बॉलवर बोलायचा. समालोचकाचं वाक्य संपायच्या आत त्याचं सुरू व्हायचं. आवाज बंद झाला आणि दादाही बंद झाला. तीन बॉल झाले, चार झाले, तो गप्प. पाचव्या बॉलवर डावखुऱ्याने उंच फटका मारला, मास्तर आणि टेलर एकदम उभे राहिले आणि दादाने कपाळावर हात मारला. "गेला! घाई नडली त्याला."

बॉल प्रेक्षकांत जाऊन पडला होता. सिक्सर होती.

टेलरला वाटलं दादा गंमत करतोय. तो पोट धरून हसला. दादाही मग हसला, जरा उशिरा. ताईच्या हातात फोन तसाच राहिला आणि पलीकडचं गिऱ्हाईक हॅलो हॅलो करत बसलं. तिचं निदान बरोबर होतं, फक्त पेशंट चुकला होता.

त्या दिवसापासून ती दादाला पाहू लागली. स्कोअर पडद्यावर ढळढळीत लिहिलेला असताना दादा विचारायचा, "किती झाले?" पेपर हातात घ्यायचा, पण बातमी टेलरकडून वाचून घ्यायचा. चहाचा कप घेण्याआधी टेबलावरून हात सरकवत न्यायचा. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर कित्येक महिने चाललं होतं. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाचा नंबर सांगणारी ती, तिला सख्ख्या भावाचा दिसला नाही. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

आणि लाजेहून वाईट गोष्ट पुढे होती. शाळेला दर वर्षी ड्रायव्हरच्या नजरेची चिठ्ठी लागायची, आणि गेली बारा वर्षं ती चिठ्ठी ताईच द्यायची. दादा मागच्या लांबट खोलीत खुर्चीवर बसायचा, समोरच्या भिंतीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचायचा, ती सही करायची. दोन मिनिटांचं काम. तक्ता वडिलांच्या वेळचा. दोघं भावंडं अक्षरं शिकली ती शाळेत नव्हे, त्या तक्त्यावर. वडील कामात असले की ती दोघं त्याच्यासमोर उभी राहून गाण्यासारखी त्याच्या ओळी म्हणत. हे तिला आत्ता आठवलं, बारा सह्या झाल्यावर.

यंदाच्या चिठ्ठीची तारीख आली तेव्हा आदल्या संध्याकाळी तिने वडिलांचा तक्ता उतरवला आणि एका कंपनीच्या माणसाने कधीतरी फुकट दिलेला दुसरा लावला. अक्षरं निराळी, बाकी आकार तोच.

सकाळी दहाला दादा आला, खुर्चीत बसला, हाताने एक डोळा झाकला. "करू सुरुवात?"

"कर."

"ट," दादा म्हणाला. "मग र, प. ग, व, ट, म." तो वाचत गेला, मध्येमध्ये अडखळल्यासारखंही करत गेला, अगदी हुशार माणसासारखं. समोरच्या तक्त्यावर सगळ्यात वर वितीएवढा 'न' होता. दादाने तिथे 'ट' पाहिला होता. त्याने सगळ्यात खालची बारीक ओळही म्हटली, दुसरा डोळा झाकून पुन्हा म्हटली, आणि पेन शोधण्यासाठी खिसा चाचपला.

ताईने छोटी बॅटरी घेतली, त्याची हनुवटी वर केली आणि दोन्ही बाहुल्यांत उजेड टाकला. दोन्हीकडे दुधासारखं धुरकट.

"दादा, तो तक्ता मी काल काढून ठेवला."

दादा पुन्हा भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "काढलास होय."

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनने जातो, तुला ठाऊक नाही असं नाही."

"दोन डोळे म्हणजे दोन-तीन महिने घरी. शाळेने नवा ड्रायव्हर आणून ठेवलाय, चिमे. तिशीचा आहे. माझ्या मागच्या सीटवर बसून रस्ता शिकतो. मी अठ्ठावन्नचा. एकदा मी सीट सोडली की मला परत कोण बसवणार?"

तेव्हा ताईला डावखुऱ्याची वकिली कळली. आठ महिने तो माणूस कोणासाठी भांडत होता, ते मास्तरांच्या सरासरीत कुठेच नव्हतं.

"चालवतोस कसा?" तिने विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"बावीस वर्षांचा रस्ता आहे. पांढरं दिसलं की दवाखान्याची भिंत, तिथे वळायचं. हिरवं आलं की बाग, तिथे हळू. गाड्या दिसतात गं, मोठ्या असतात."

"आणि मुलं?"

दादा अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "गेल्या बुधवारी एक मुलगी बाटली उचलायला बससमोर वाकली होती. बसमधल्या बाई ओरडल्या म्हणून ब्रेक लावला. मला दिसली नव्हती."

"किती मुलं असतात?"

"एकतीस." मग त्याने तिचा हात धरला. याआधी कधी धरला होता ते तिला आठवेना. "या वर्षीची एवढी दे. सुट्टी लागली की ऑपरेशन करतो. शपथ घेतो."

ताईला तो हात सोडवत नव्हता. या भावाने बाजूला सरकून तिला जागा दिली म्हणून ती आज या खुर्चीपाशी उभी होती. तिने हात सोडवला, चिठ्ठीचा कागद घेतला आणि जे होतं ते लिहिलं: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वाहन चालवण्यास योग्य नाही. खाली सही केली. लिहिताना तिच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं आणि तिला कागद बदलावा लागला.

"काय लिहिलंस?" दादाने विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं. तिने वाचून दाखवलं. त्याने चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि निघून गेला.

ती चिठ्ठी तो देईल की फाडून टाकेल? ताईने शाळेला फोन करायला रिसीव्हर उचलला, निम्मा नंबर फिरवला आणि ठेवून दिला. एवढं तरी त्याचं त्याला करू दे, असं तिला वाटलं. बारा वाजले, एक वाजला. दोनच्या बातम्यांत टीम जाहीर झाली. डावखुरा आत होता. मास्तर आणि टेलर धावत आले.

"वकीलसाहेब कुठे आहेत? केस जिंकले ते," टेलर म्हणाला.

"येतीलच," मास्तर म्हणाले. "ताई, पेढे नसतील तर चहा तरी. एका शतकावर घेतलं बघा त्याला, पण माझं मत अजून तेच आहे. मागच्या पंधरा डावांची..."

ताई घड्याळाकडे पाहत होती. आजवर असा दिवस झाला नव्हता की टीम जाहीर झाली आणि दादा दुकानात नाही. अडीच वाजता तिने चाकाचं बटण बंद केलं, मास्तरांना दुकान बघायला सांगितलं आणि चपला नीट न घालताच निघाली. शाळा वीस मिनिटांवर. अर्धं अंतर ती चालली, उरलेलं या वयात पळाली. काय करायचं ते तिने ठरवलं होतं. बससमोर उभं राहायचं. त्याला गाडीएवढी मोठी दिसली तर दिसली.

बस फाटकाबाहेर उभी होती, इंजिन चालू. ताईने आधी ड्रायव्हरच्या सीटकडे पाहिलं. तिथे तिशीचा एक माणूस स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता. दादा दारात उभा होता. चढणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून तो मोजत होता, सव्वीस, सत्तावीस, आणि मधूनच आत वळून नव्या ड्रायव्हरला सांगत होता, "दवाखान्याच्या भिंतीपाशी आरसा बघ. तिथली मुलगी रस्त्यात वाकते."

एकतीस झाल्यावर तो खाली उतरला. ताई दोन हातांवर येईपर्यंत त्याने तिला ओळखलं नाही. बस निघून गेली.

"तू कशाला आलीस?"

"बस अडवायला."

"माझ्यावर विश्वास नव्हता?"

"नव्हता," ताई धापा टाकत म्हणाली.

दादाने मान हलवली. "माझाही नव्हता. म्हणून तर बारालाच किल्ली देऊन टाकली. तीनपर्यंत हातात राहिली असती, तर दिली नसती."