वाण बदललं

पॅथॉलॉजी लॅबमध्ये कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. घडतात हो, आणि साठतही जातात. फक्त चहाच्या टपरीवर सांगावेत असे ते क्वचितच असतात. यवतमाळच्या आमच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आणि मॅडम पॅथॉलॉजिस्ट. मला आठवतात त्यातले निम्मे किस्से एकट्या वसंतभाऊंचे आहेत.

भाऊंचं घाटंजीला बी-बियाण्यांचं दुकान. त्यांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती आणि तिचा तुकडा आमच्याकडे मेणाच्या ठोकळ्यात जपलेला होता. पुढे यकृतात डाग दिसले. एक इंजेक्शन होतं, पण गाठीच्या ठरावीक जनुकांत बदल नसेल तरच ते लागू पडतं. ती तपासणी नागपूरला.

ठोकळा न्यायला वहिनी आल्या. मे महिना होता. मी आपलं सहज म्हणालो, "उन्हात ठेवू नका, मेण आहे." त्यांनी आईस्क्रीमवाल्याकडून थर्माकोलचा डबा मिळवला, त्यात बर्फ भरला आणि एसटीत तो मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टरनं विचारलं, "बाई, डब्यात काय हाये?"

"आमच्या घरचं माणूस हाये," वहिनी म्हणाल्या.

त्यानं पुढची सीट रिकामी करून दिली.

*

रिपोर्ट आला, निगेटिव्ह. दुसऱ्याच दिवशी भाऊ पेढे घेऊन हजर.

"निगेटिव्ह म्हंजे नाही ना? गेला ना कॅन्सर?"

मॅडमनी समजावलं. निगेटिव्ह म्हणजे जनुकांत बदल नाही, इंजेक्शन चालेल. आजार आहेच. पेढ्यांचा पुडा टेबलावर उघडा पडलेला, कोणाचा हात पुढे होईना. शेवटी भाऊच म्हणाले, "घ्या हो. औषध चालते, हे काय कमी झालं?"

मी एक घेतला.

*

इंजेक्शननं भाऊंच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या. पुटकुळ्या आल्या तर औषध काम करतंय असं समजा, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. झालं, भाऊ रोज आरशापुढे! दुकानात कोणी चिडवलं, "काय भाऊ, या वयात मुरुमं?" तर म्हणायचे, "राहू दे. तेवढीच काय ते जवानी."

डाग खरंच लहान झाले. त्या दिवशी मॅडमनी स्वतः सगळ्यांना चहा सांगितला.

*

मग डाग पुन्हा वाढले. या वेळी यकृतातला तुकडा काढून तपासायचा होता. भाऊ वैतागले.

"जुना ठोकळा हाये ना तुमच्याजवळ? मंग मले पुन्हा कायले टोचता?"

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, आतड्यातून निघाला तो आणि आज यकृतात बसलाय तो, एकच असेल असं नाही. पसरता पसरता त्याची जनुकं बदलतात. औषधानं बाकीचा मरतो आणि औषधाला न जुमानणारा तेवढा वाढतो."

ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं. ज्या बीटी कपाशीवर अळी मरायची, तिच्याच बोंडात आता ती निवांत बसलेली, आणि गिऱ्हाइकं रोज किडकी बोंडं आणून भाऊंच्या काउंटरवर फोडत होती.

"वाण बदललं म्हणा नं," भाऊ म्हणाले आणि टोचून घ्यायला तयार झाले.

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये म्युटेशनला, म्हणजे जनुकातल्या बदलाला, वाणच म्हणतात. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना कळत नाही, तर न कळो.

*

नवा रिपोर्ट घ्यायला भाऊ आणि वहिनी दोघं आले. बदल सापडला होता. ते इंजेक्शन आता भाऊंच्या कामाचं नव्हतं. मॅडमना ते सरळ सांगवेना. मी काचा पुसत तिथंच उभा होतो, मलाही निघून जाववेना.

"संशोधन चालू आहे, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "पुढे नवीन औषध येईल. त्यानं फरक पडेल."

भाऊ हसले. "मॅडम, अळी आली तवापासून मीबी काउंटरमागून हेच सांगून राह्यलो. पुढच्या हंगामात नवं बियाणं येते म्हणून."

"मग लोक काय म्हणतात?"

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं.

"लोक इचारतात, तवर काय करू?"