उपड्या सुपाखालची बोटं

प्रमिलाबाई सरवदे यांच्या टायपिंगच्या क्लासात मी पहिलं पाऊल टाकलं ते भांडतच. टंकयंत्राच्या कळांवरची मराठी अक्षरं बघून माझं डोकंच फिरलं. क एकीकडं, ख भलतीकडं, अ तर कुठल्या कुठं. मी तोंड वर करून विचारलं, "बाई, ही बाराखडी कुनी सांडली की काय? अक्षरं ओळीनं का न्हाईत?" सगळा क्लास हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुझ्या घरी मिठाचा डबा कुठं असतो?"

"चुलीपाशी."

"आणि पापडांचा?"

"वर, माळ्यावर."

"मग झालं तर. सारखं लागणारं हाताशी, कधीमधी लागणारं लांब. क, र, स आणि काना मधल्या ओळीत का आहेत, ते आता तूच सांग." कळफलक कुणीतरी विचार करून मांडलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाईंच्या अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, याचं मूळ त्या भांडणात आहे. संपादकांनी "जरा औपचारिक लिहा" असं बजावलं आहे. जमेल तेवढं लिहिते.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि तोंडानं अखंड बोलणं. मीही तिच्या शेजारी बसून वळायचे. एकदा कामाची घाई होती म्हणून मी क्लासला दांडी मारली, ती चांगली आठवडाभर लांबली. तेव्हा बाई स्वतः पत्ता विचारत आमच्या वस्तीत आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. आई त्यांच्याशी बोलत होती आणि तिची बोटं खाली न बघता विडी वळत होती. बाई बराच वेळ तिच्या हातांकडं बघत राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "उद्या येताना सूप घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सूप माझ्या हातांवर उपडं घातलं. खाली कळा, वर सूप, आणि मी आंधळी. "विडी वळताना बघतेस का बोटांकडं? मग इथं कशाला बघायला पाहिजे?" पहिले काही दिवस कागदावर नुसता शिमगा होता. मग हळूहळू शब्द उमटायला लागले. पुढं क्लासातल्या सगळ्यांच्याच हातांवर ते सूप फिरू लागलं. शब्द संपला की बोटं मधल्या ओळीवर परत यायला हवीत, हा बाईंचा कडक नियम. कुणाची बोटं भटकली की त्यांचा आवाज यायचा, "जागेवर या!" खालच्या पानाच्या टपरीपर्यंत ऐकू जायचा तो.

आईला माझं हे शिकणं पसंत नव्हतं. घरातले दोन हात कमी होत होते, तिचं काही चुकत नव्हतं. बाईंनी तिला एवढंच सांगितलं, "ताई, पोरीची बोटं तुमचीच आहेत. मी फक्त सूप पालथं घातलंय." आई हसली, म्हणाली, "लई बोलता बाई तुमी." पण दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी तिनं आपल्या हातानं बांधली. आज मी कोर्टात टंकलेखक आहे, ती या दोघींमुळं.

संगणक आले तेव्हा भोवतालचे क्लास बंद पडले. बाईंनी मात्र नवा कळफलक आधी स्वतः शिकून घेतला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत, हे त्यांना फार आवडलं होतं. "ज्यानं मांडलंय त्याला डोकं आहे," असं त्या कौतुकानं सांगायच्या. आणि आम्हाला बजावायच्या, "कळ मुकी असते. तिच्यावर छापलंय तो नुसता रंग. कुठल्या कळेला कुठलं अक्षर, हे आत ठरतं. आत बदललं की तीच कळ दुसरं बोलते." शिकवायच्या नवं, पण स्वतःचं काही लिहायचं असलं की संगणकावरही जुन्या टंकयंत्राचीच मांडणी लावून घ्यायच्या.

मग बाईंची दृष्टी मंदावत गेली आणि त्यांचे चिरंजीव अभिजित त्यांना पुण्याला घेऊन गेले. क्लासला कुलूप लागलं. कोर्टात जाताना मी अजूनही त्याच बोळातून जाते. वळसा पडतो, तरी जाते. दाराशी पाय आपोआप थबकतात. बाईंची फार आठवण येते, हे सरळच सांगते. त्यांच्यासारखं रागावणारं माणूस सोलापुरात दुसरं उरलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. माझा आवाज ओळखून म्हणाल्या, "लक्ष्मे, डोळ्यांचं काही नाही गं, त्यांच्यावर आता कायमचंच सूप आलंय. पण माझी बोटंही गेली. लिहिते ते सगळं गिचमिड उमटतं म्हणे. आता हात लावत नाही." एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

मी हट्टानं त्यांना संगणकापुढं बसवलं. पडद्यावर खरोखरच काहीबाही उमटत होतं. मग मी पडदा सोडून त्यांच्या हातांकडं बघितलं. एकही बोट चुकत नव्हतं! संगणक इंग्रजी उच्चारावरून मराठी लिहायला लावलेला होता, आणि बाईंची बोटं जुन्या टंकयंत्रावर चालली होती. अभिजित म्हणाले, "पण मराठीच आहे की ते!"

"मराठी आहे हो, पण तुमची. आईंची नव्हे."

घरातले सगळे "मराठीच आहे" म्हणाले, म्हणून बाईंनी मांडणीवर शंका घेतली नाही. आपल्या बोटांवर घेतली. मी संगणकाच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन जुनी मांडणी लावली आणि म्हटलं, "बाई, जागेवर या." त्यांची बोटं चाचपत मधल्या ओळीवर आली, थांबली, मग चालायला लागली. मी मोठ्यानं वाचलं, "मला सोलापूरला यायचंय."

अभिजित मागंच उभे होते. "आई, हे आधी का नाही बोललीस?"

"तू माझं एवढं करतोस. जीभ रेटेना."

या सोहळ्याला अभिजित बाईंना घेऊन येणार आहेत. पुढं त्यांना इथं ठेवायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. आईच्या डोळ्यांची काळजी अभिजितना आहेच, आम्ही ती समजू शकतो. पण आम्ही विद्यार्थी शेजारी आहोत, पाळ्या लावून येऊ, हेही त्यांनी ऐकावं. बाईंना निरोगी शंभर वर्षं लाभोत, आणि त्यातली उरलेली आम्हाला ओरडण्यात जावोत.

क्लासचं कुलूप काढलंय. झाडलोट झालीय. संगणकावर जुनी मांडणी लावून ठेवलीय, आणि त्यावर माझ्या आईचं सूप उपडं घातलंय, धूळ बसू नये म्हणून. बाई, जागेवर या.