ताई दोन्ही पाय वापरतात का?

हे सांगायला मी तोंड उघडलंच नाही असं नाही. दोनदा उघडलं होतं. एकदा सुट्टीत कुडाळला गेलो होतो तेव्हा, जेवताना, बायकोसमोर — आणि ऐन वेळी मीठ मागितलं. दुसऱ्यांदा फोनवर. नंबर फिरवला, पलीकडे घंटा वाजायला लागली, आणि ठेवून दिला. म्हणजे ऐकलं कोणीच नाही. तुम्हीच पहिले.

मला लिहायची सवय नाही. शाळा नववीत सुटली. वर्कशॉपच्या जॉब कार्डवर चार ओळी खरडायच्या, एवढंच माझं आयुष्यभराचं लिखाण. आणि जे सांगायचंय ते अशाच चार ओळींचं आहे — नाही, तेही खरं नाही. त्या ओळी लिहिल्या त्या साहेबांच्या भीतीने लिहिल्या. त्याबद्दल मला एवढं काही वाटत नाही. जे वाटतं ते पुढचं आहे. सांगतो. जरा लांबून यावं लागेल.

मी कतारमध्ये, दोह्याला आलो सत्त्याण्णव साली, एका अमेरिकन गाड्यांच्या एजन्सीत, हेल्पर म्हणून. कंपनीचं नाव सांगत नाही, तुम्हाला ओळखू आलं तरी सांगत नाही. गाड्या धुवायच्या, तेल बदलायचं, मेकॅनिकच्या हातात पाना द्यायचा. तिसऱ्या महिन्यात गरम रेडिएटरचं झाकण उघडलं आणि वाफेने कोपरापर्यंत हात भाजला. दवाखान्यात नेलं तेव्हा मी कण्हत होतो. पट्टी बांधणारी नर्स थांबली, माझ्याकडे बघून म्हणाली, "मराठी का रे तू?"

त्या मोनिकाताई. वसईच्या. नवरा फ्रान्सिसभाऊ एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे, दोघं फरीज बिन ओमरान भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूलबाळ नव्हतं. पट्टी बदलायला मी चार वेळा गेलो, पाचव्या वेळी त्यांनी शुक्रवारी जेवायला बोलावलं. तेव्हापासून माझे सगळे शुक्रवार त्यांच्याकडे. ते सकाळी मिस्साला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेला, जाऊन यायचे, मी बाराच्या सुमाराला पोहोचायचो, ताईंनी सुक्या बोंबलाचं काहीतरी केलेलं असायचं.

मला इंग्रजी वाचता येत नाही हे त्यांनी दुसऱ्याच शुक्रवारी ओळखलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या कंपनीचं काही छापलेलं असेल ते घेऊन ये. मी शोरूममधून एक गुळगुळीत पुस्तिका आणली — कंपनीचा इतिहास. जेवण झालं की टेबल पुसून आम्ही ती वाचायचो. घोडागाड्या बनवणारा एक लोहार, त्याने गोठ्यात जोडलेलं पहिलं इंजिन, मग कारखाना, मग लढाईतले ट्रक, मग लांबलचक चकचकीत गाड्या आणि प्रत्येक गाडीसमोर दात दाखवत उभं असलेलं कुटुंब. माझं सगळं इंग्रजी त्या पुस्तिकेतलं. 'रिलायेबल' हा शब्द मला ताईंनी शिकवला. ज्याच्या भरवशावर राहता येतं तो, असं सांगितलं होतं.

वर्षभरात मी जॉब कार्ड वाचायला लागलो. लिहायला लागलो. हेल्परचा ज्युनिअर मेकॅनिक झालो. हे कोणामुळे झालं, हे मला पुन्हा सांगायला हवं का?

मग त्यांना गाडी घ्यायची होती. फ्रान्सिसभाऊंचा जपानी गाडीवर डोळा होता. छोटी, काटकसरी, सगळे घेतात तशी. पण ताईंना शहराबाहेर दूर, अल खोरच्या एका दवाखान्यात वॉर्ड सांभाळायचं काम मिळालं होतं. वॉर्डची इन्चार्ज. पंधरा वर्षं त्या ज्याची वाट बघत होत्या ते. दवाखान्याच्या बसच्या वेळा त्यांच्या ड्युटीशी जुळत नव्हत्या, म्हणून रोज एवढं लांब गाडी स्वतः चालवत जायचं ठरलं होतं. लायसन्स सहाव्या परीक्षेत मिळालं. पाच वेळा नापास. फ्रान्सिसभाऊ त्यांना 'आमची पायलट' म्हणून चिडवायचे, आणि सहाव्या वेळी पास झाल्यावर ताईंनी आमच्या वर्कशॉपमध्ये केक पाठवला होता.

गाडी कुठली घ्यायची, हे ताईंनीच ठरवलं. म्हणाल्या, आपला सुरेश तिथे आहे, मग काळजी कसली. मी पुस्तिकेतली सगळी वाक्यं पाठ म्हणून दाखवली. मला तेव्हा ती खरी वाटत होती — हे मात्र अगदी शपथेवर सांगतो.

पहिला उन्हाळा लागला आणि गाडी बंद पडायला लागली. चालता चालता. इंजिन एकदम गप्प, स्टिअरिंग जड. दहा मिनिटांनी पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही.

ही एकच गाडी नव्हती. त्या मॉडेलच्या कितीतरी यायच्या. एक इजिप्शियन मास्तर वहीत लिहून आणायचा, कुठल्या राउंडअबाउटला बंद पडली, किती वाजता पडली. एका लेबनीज माणसाने तर गाडी शोरूमच्या दारात आडवी लावली, चावी काउंटरवर आपटली आणि टॅक्सी करून गेला. आम्हाला कारण माहीत होतं. अमेरिकेहून कागद आला होता: इंजिनमागचा एक सेन्सर तापला की काम सोडतो, इंजिन बंद पडतं. पण वॉरंटीत तो बदलायचा तर दोष वर्कशॉपमध्ये आमच्या डोळ्यांना दिसायला हवा, असा नियम होता. आता बघा — गाडी यायची, आत सावलीत रात्रभर उभी राहायची, थंड व्हायची. सकाळी दोष कसा दिसणार? आमचे सुपरवायझर कुट्टीसाहेब म्हणायचे, "फॉल्ट इदर दिखा क्या? नहीं दिखा, तो नहीं है. खलास." न दिसलेल्या दोषाचा पार्ट कोणी बदलला तर अमेरिकेहून तो क्लेम नामंजूर होऊन परत यायचा. माझे दोन परत आले होते. तिसरा आला तर पुन्हा गाड्या धुवायला जाशील, नाहीतर घरी, असं साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं.

खरं तर जे ओरडायचे त्यांना शेवटी पार्ट मिळायचा. मास्तरला मिळाला. लेबनीजाला मिळाला. फ्रान्सिसभाऊ ओरडले नाहीत. ओरडायची गरज काय — त्यांचा माणूस आत होता ना?

ताईंची गाडी तिसऱ्यांदा आली तेव्हा टेस्ट ड्राइव्हला मीच घेऊन गेलो. ऑगस्ट महिना, दुपार. मुऐदरच्या रस्त्यावर ती माझ्या हातात बंद पडली. मागचा पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत बाजूने गेला. मी गाडी कडेला ढकलली आणि उन्हात उभा राहिलो. आणि मला काय वाटलं असेल? ताईंची काळजी? नाही. आता हे लिहावं लागणार, याची भीती. मी वर्कशॉपच्या आत नव्हतो, साक्षीदार नव्हता, तिसरा क्लेम माझ्या नावावर गेला असता.

दहा मिनिटांनी गाडी चालू झाली. परत आणली. कार्डवर ताईंनीच शिकवलेल्या अक्षरांत लिहिलं: चालवून पाहिली. दोष आढळला नाही.

इथपर्यंत मी भित्रा होतो. एवढंच असतं तर कदाचित बायकोला सांगून मोकळा झालो असतो.

त्याच शुक्रवारी जेवणं झाली. ताई आत भांडी आवरत होत्या. फ्रान्सिसभाऊ माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सुरेश, काउंटरवर काय सांगतात ते सोड. तू आपला माणूस. गाडीत काय आहे ते खरं सांग."

त्यांनी मला सोपं करून दिलं होतं. घरात, मराठीत, साहेब नाही, कार्ड नाही. मी म्हणू शकलो असतो — भाऊ, गाडीतच दोष आहे, उद्या येऊन काउंटरवर आरडाओरडा करा. बस्स. माझं नावही आलं नसतं. पण मला वाटलं, काउंटरवर ते म्हणतील, आमच्या सुरेशने सांगितलं. तोंडातून निघून जाईल त्यांच्या. साधा माणूस. मग माझं काय?

म्हणून मी खोटं बोललो नाही. हे नीट ऐका, कारण कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो — मी खोटं बोललोच नाही, मी फक्त विचारलं. मी विचारलं, "ताई दोन्ही पाय वापरतात का?"

ऑटोमॅटिक गाडीत एकच पाय वापरायचा असतो. नवखे लोक डावा ब्रेकवर आणि उजवा ॲक्सिलरेटरवर ठेवतात, गाडी बिचकत चालते. पण त्याने ती अशी बंद पडत नाही. मला हे माहीत होतं. फ्रान्सिसभाऊंना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. एवढ्या दिवसांनी कोडं सुटलं होतं. ते आतल्या बाजूला वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलं का पायलट? दोन पाय! मी म्हणत नव्हतो?" आणि हसले.

ताई ओले हात घेऊन दारात आल्या. माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "मी तर एकच वापरते रे... निदान मला तरी तसं वाटतं."

मी खाली बघितलं. ते 'वाटतं' मी तसंच राहू दिलं.

पाच वेळा नापास झालेल्या बाईला तुझं चुकतं हे पटवायला कितीसा वेळ लागतो? त्या डाव्या पायातली चप्पल काढून पाय सीटखाली दुमडून बसायला लागल्या. तरी गाडी बंद पडायची. मग त्यांना वाटायला लागलं, घाबरल्यावर आपल्या नकळत पाय हलतो. हे त्यांनी मलाच सांगितलं. मला विचारलं, असं होतं का रे? मी म्हणालो, होतं कधीकधी.

हो. हेही म्हणालो.

अल खोरच्या रस्त्यावर एकदा ट्रकच्या पुढ्यात गाडी थांबली. ट्रकवाल्याने वेळेत वळवला म्हणून काही झालं नाही. त्या संध्याकाळी फ्रान्सिसभाऊंनी चावी काढून घेतली. भांडण नाही, काही नाही. तू चालवू नकोस एवढंच. महिन्याभरात ताईंनी अल खोरचं काम सोडलं. घरापासून चालत जाता येईल अशा एका छोट्या क्लिनिकमध्ये लागल्या — इंजेक्शनं द्यायची, केसपेपर लावायचे. वॉर्ड गेला. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की स्वतःच हसून सांगायच्या, मला नाही बाई जमत गाडी, माझे पाय माझं ऐकत नाहीत. लोकही हसायचे. मीही तिथेच असायचो, हातात चहाचा कप घेऊन.

गाडी त्यांनी विकली. दीड वर्षाने अमेरिकेहून दुसरा कागद आला. त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या बोलवा, सेन्सर फुकट बदलून द्या, कोणाला काही विचारू नका. शे-दीडशे गाड्या आल्या. मी स्वतः किती सेन्सर बदलले असतील! एकेक सेन्सर बदलताना मला वाटायचं, आज जातो आणि सांगतो. आता भीती कसली होती? साहेब बदलले होते. मी सिनिअर झालो होतो. नोकरीला धक्का लागणार नव्हता. सांगितलं असतं तर ताईंनी पुन्हा स्टिअरिंग धरलं असतं कदाचित, वय होतं अजून. पण मग त्यांनी मला विचारलं असतं ना — तुला तेव्हा माहीत होतं का? या एका प्रश्नासाठी मी गेलो नाही. शुक्रवारी जेवायला मात्र जात राहिलो. त्या मला अजून बोंबील जास्त वाढायच्या.

दोन हजार पाचमध्ये फ्रान्सिसभाऊंची नोकरी संपली. ते कायमचे वसईला निघाले. मी कंपनीची गाडी मागून घेतली आणि त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. भाऊ पुढे बसले, ताई मागे. सामान आत गेल्यावर भाऊ फॉर्म भरायला रांगेत लागले आणि ताई माझ्याजवळ आल्या. माझ्या भाजलेल्या हातावरचा डाग त्यांनी अंगठ्याने चाचपला, नर्सला सवय असते तसा. मग म्हणाल्या, कित्येक दिवस सांगायचं होतं, धीर होत नव्हता. तुझ्या भरवशावर आम्ही ती गाडी घेतली आणि माझ्या चालवण्यामुळे तुला तुझ्या लोकांसमोर खाली बघावं लागलं. तीनतीनदा आणून उभी केली मी. तुझ्या कंपनीला नावं ठेवली. मनात ठेवू नकोस रे, सुरेश.

त्यांचे डोळे भरले होते. माझ्या तोंडात सगळं आलं होतं, सगळं. रांगेत भाऊंच्या पुढे अजून दोन माणसं होती. वेळ होता.

मी म्हणालो, "असू द्या ताई. होतं असं."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी त्यांना माफ केलं होतं.