अकरा द्रोण

चकलांब्याच्या साखराबाईला लेक एकच, शहादेव. तो पाळण्यात असतानाच नवरा गेला. बाईने एका म्हशीच्या जिवावर पोर वाढवलं, आणि अठराव्या वर्षी ते असं उभं राहिलं की दारातून आत यायला त्याला मान वाकवावी लागे.

दसऱ्याच्या कुस्त्यांआधी महिनाभर गावची पोरं तालमीतच मुक्कामाला असत. १९१८ साली अकरा जण होते. तिथेच मेहनत, तिथेच जेवण, तिथेच एका सतरंजीवर दाटीवाटीने झोप. धोंडीराम वस्तादांचा एक नेम होता. मेहनत झाली की साखराबाईच्या म्हशीचं दूध एका पितळी कटोऱ्यात यायचं. पहिला घोट वस्तादांचा, मग कटोरा हातोहात फिरायचा; पाटलाच्या पोराच्या तोंडचा थेट गावकुसाबाहेरच्या सिदूच्या तोंडाला. गावात सिदूला पाणी वरून ओतत. तालमीत मात्र त्याचं उष्टं दुसरे पीत.

भाद्रपदात साखराबाईचा भाऊ आसाराम जालन्याहून आला. तो तिथे जिनिंगच्या कारखान्यात कामाला होता. दारातच थांबला, आत आला नाही.

"अक्का, मानमोडीच्या तापाची साथ आलीय. म्हाताऱ्यांना सोडती अन् तरण्यांना धरती. आमच्या जिनात एका लोट्यानं पाणी पिणारे समदे एका आठवड्यात गेले. शहादेवला घरी आण."

"तो कसला येतो? दसरा तोंडावर आलाय."

"मग निदान भांडं तरी येगळं कर. अन् लांब लांब निजू दे पोरांना."

एकट्या आपल्याच लेकाला वेगळं भांडं द्यायचं साखराबाईच्या मनातही आलं नाही. तिने पळसाची पानं आणली, अकरा द्रोण लावले आणि टोपली घेऊन तालमीच्या दारात उभी राहिली.

वस्ताद हसले. "वैनी, तालीम हाय का श्राद्धाची पंगत? मानमोडी मरतुकड्यांना व्हती. ह्यांच्या अंगात तुमच्या म्हशीचं दूध हाय."

पोरंही खिदळली. शहादेव तिला बाजूला पिंपळाखाली घेऊन गेला. तिला वाटलं, पोर लाजलं.

"माय, उद्या पानात दूध आलं तर सिदूला काय वाटंल? साऱ्या गावानं त्याला येगळंच ठेवलंय. हितं एक कटोरा हाय त्याला. तो बी काढून घ्यायचा?"

"अन् तुला काई झालं म्हंजे?"

"मला काय व्हतंय? बघ की माझ्याकडं."

तिने बघितलं. अंगाला माती, कपाळावर घाम, डोळ्यांत हसू. त्या क्षणी तिला भीतीपेक्षा लेकाचा अभिमान जास्त वाटला. पुढे सगळं आयुष्य तिला तोच अभिमान खात राहिला. द्रोण तिने वाटेतच उकिरड्यावर टाकले.

घटस्थापनेला वस्तादांचा थोरला बद्रीनाथ खोकायला लागला. त्याने ते बापापासून लपवलं आणि कटोरा तोंडाला लावून पुढे दिला. कटोरा नाकारणं म्हणजे तालीम सोडणंच होतं. तिसऱ्या माळेला सहा जण पडले. पाचव्या माळेला चौघांनी शहादेवला उचलून घरी आणलं. आडवा होता, त्यामुळे दारात मान वाकवावी लागली नाही. साखराबाई दोन दिवस त्याच्या निळ्या पडलेल्या ओठांवर ओला पदर टेकवत बसली. सातव्या माळेला तो गेला. बद्रीनाथ त्याच्या आदल्या दिवशी. दसऱ्याला सोनं द्यायला गल्लीत कुणी कुणाच्या दारी गेलं नाही.

अकरांतले चार उरले. त्यात सिदू होता.

पुढच्या भाद्रपदात तो साखराबाईच्या अंगणाबाहेर येऊन उभा राहिला. अंगावर मांस राहिलं नव्हतं.

"मावशी, वस्तादांनी द्रोण मागितलेत."

"सोता कावून न्हाई आले?"

"त्यांच्यानं येववत न्हाई."

"किती पायजेत?"

"चार." तो तिथेच घुटमळला. "मावशी, पिंपळाखालचं बोलणं मी ऐकलं व्हतं. मी म्हणाया पायजे व्हतं, की मला पानात चालंल. न्हाई म्हणलो. त्या कटोऱ्याची लई हाव व्हती मला."

वर्षभर साखराबाई कुणाला तरी दोष द्यायला शोधत होती. वस्तादांना देऊन झाला होता, आसारामला देऊन झाला होता, स्वतःला तर रोजच. आता हा आपल्या पायांनी दारात आला होता.

ती आत गेली. शहादेवचं फुलपात्र वर्षभर कोनाड्यात पालथं पडलं होतं. ते तिने राखेने घासलं, पाण्याने भरलं आणि बाहेर आणलं. सिदूने सवयीने खाली वाकून ओंजळ पुढे केली.

"वरनं न्हाई वतणार. हातात घे."

त्याने ते घाईघाईने तोंडाला लावलं. पाणी अर्धं सांडलं, अर्धं तो प्यायला आणि भांडं खाली ठेवायला वाकला.

"ठिवू नको. तुझंच हाय ते. पर त्यातलं कुणाला देऊ नको, अन् कुणाचं तू घेऊ नको. ऐकलंस का?"

सिदूने भांडं छातीशी धरलं. त्याला रडू आवरेना. साखराबाई पानं घेऊन उंबऱ्यात बसली.

द्रोण तिने तीनच लावले.