पाच वाती

मी सरकारचा कापूस वाचवला. सगळ्या नोकरीत एवढा एकच पराक्रम माझ्या हातून घडला, आणि त्याचीच मला आज लाज वाटते.

नागपूर अजून आपली राजधानी होती, तेव्हाची गोष्ट. वर्ध्याच्या एका दवाखान्यात, तातडीचे रोगी आणतात त्या खोलीच्या दाराशी माझं टेबल होतं. नाव, बापाचं नाव, गाव लिहिल्याशिवाय चिठ्ठी द्यायची नाही, हा माझा बाणा. समोरचा रक्ताने माखलेला असला तरी मी अक्षर वळणदारच काढत असे.

त्या खोलीतली आया जवळच्या रोहणा गावची. पन्नाशीची, ठेंगणी, ओच्यात कायम कापसाचा बोळा. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील, म्हणजे पाहिल्या नसतील. भान हरपलेलं म्हातारं माणूस आलं की डॉक्टर तिला हाक मारत आणि मी कपाळाला हात लावत असे.

एकदा कपाळ फुटलेली म्हातारी आणली. टाके घालू देईना. "घरी जातो, दिवे लावाची येळ झाली," एवढाच धोशा. सकाळचे अकरा वाजलेत, ही माहिती मी तिला दोनदा पुरवली. तिने मला बोचकारलं.

आया तिच्यापुढे उकिडवी बसली. "हो माय, दिवे तं लावाचेच हायेत. पन वाती कुठी हायेत? पाच करून द्या मले."

तिने कापूस म्हातारीच्या हातावर ठेवला. म्हातारी तो पिंजू लागली, तळव्यावर वळू लागली. पाचवी वात होईतो टाके घालून झाले होते.

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"नाव इसरली थे. हात नाई इसरले. तुमी लिवा, वातीवाली."

म्हाताऱ्यांना ती जुन्या पट्ट्या देई. "बैल सुटला बुवा, दावं वळून द्या." पायाचं हाड बसवलं जाईपर्यंत बुवा दावं वळत.

मी कर्तव्यदक्ष. 'आया रोग्यांकडून देवाच्या वाती करून घेते' असा सुबक अर्ज मोठ्या डॉक्टरांना दिला. 'सरकारी कापूस' या शब्दांखाली लाल रेघ ओढली. त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हो, करून घेतो." कच्ची नोकरी, आठवड्यात गेली.

जाताना माझ्या टेबलाशी थांबली. "येतो बाबूजी. म्हातारं मानूस आलं तं हात नका बांधू देऊ त्याचे."

मी मान वर न करता "बरं" म्हणालो.

पुढे राजधानी मुंबईला गेली. माझं टेबल जागीच राहिलं. अन् एक दिवस माझी आई अंगणात पडली. तिला त्याच खोलीत आणलं. "मले घरी जाऊ द्या भाऊ," ती मला म्हणत होती. मी भाऊ नाही, मुलगा आहे, हे मी तिला समजावत राहिलो. कागदोपत्री ते बिनचूक होतं. हाड बसवू देईना म्हणून दवाखान्यातल्या दोघा नोकरांनी तिचे हात खाटेला बांधले. दोन्ही पट्ट्या सरकारी. बोटभर पट्टीही वाया गेली नाही.

मी बघत उभा होतो. आईचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, पुन्हा पुन्हा. ती काय वळतेय हे मला उशिरा कळलं. मी गाठी सोडल्या आणि कपाटातला कापूस घेतला, कोणाला न विचारता.

आईच्या वाती रुमालात बांधून मी रोहण्याला गेलो. आया अंगणात तूर पाखडत होती. तिने बाज पुढे ओढली.

"बाई, तो अर्ज माझा होता."

"मले माहीत हाय. मोठे डाक्टर म्हने, इतकं सुंदर अक्षर दुसऱ्या कोनाचं राहीन?"

मी रुमाल सोडला. तिने एक वात उचलून बोटांत फिरवली.

"माय करते?"

"हो."

"मंग हात मोकळे हायेत तिचे."

"आता आहेत," मी म्हणालो. "त्या दिवशी मी बांधू दिले. तुम्ही सांगून गेला होतात, तरी. बाई, मला माफ करा."