न दिसणारा जोड

दुकानाच्या पाटीवर 'पुस्तकबांधणी' एवढंच लिहिलेलं होतं, मालकाचं नाव नव्हतं. गल्ली त्यांना नाकमुरडे म्हणायची. ते इतकं रुळलं होतं की नवीन गिऱ्हाईक बिचारं आडनाव समजून "नाकमुरडेसाहेब आहेत का?" असं अदबीने विचारी. आत पुस्तकाच्या घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवत बसलेली त्यांची बायको मान खाली घालून हसायची आणि म्हणायची, "आहेत की. आतच आहेत."

नाव उगीच पडलं नव्हतं. सव्वीस वर्षं एकाच भाड्याच्या खोलीत बसून त्यांनी यच्चयावत जगाच्या कामाला नाक मुरडलं होतं. छापखानेवाले पाट्या टाकतात. शाळावाले वह्यांना तारा ठोकून मोकळे होतात. शेजारचा झेरॉक्सवाला सरळ कागदाची वाकडी नक्कल काढतो आणि वर पैसे मागतो. पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी चादर बाजूला करून टाके बघितले आणि डॉक्टरांना सुनावलं की अंतर सारखं नाही. डॉक्टर हसले. नाकमुरडे हसले नाहीत, कारण अंतर खरोखरच सारखं नव्हतं.

पण माणूस नुसता तोंडाळ नव्हता. वाळवीने चाळण केलेलं पान ते असं सांधायचे की नेमकं कुठे खाल्लं होतं हे मालकालाही बोट ठेवून दाखवता यायचं नाही. गव्हाची खळ स्वतः शिजवायची, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद मागून लावायचा, आणि रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवायचं. हा शिकंजा लोखंडी होता आणि जमिनीत पक्का केलेला होता. खोली सुटली असती तर तोही सुटला असता, आणि खोली सुटायची वेळ आली होती.

जागामालकाला खोली विकायची होती. भाडेकरू म्हणून पहिला मान नाकमुरड्यांचा, पण फक्त महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर झेरॉक्सवाला रोख पैसे घेऊन तयारच होता. नवराबायकोने होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. तरी जेवढे कमी पडत होते तेवढे एका वकीलसाहेबांकडून यायचे होते. वर्षभर खपून दोघांनी त्यांच्या कायद्याच्या दोनशे बारा पुस्तकांना नवी पाठ दिली होती. एकसष्टाव्या वर्षी दुसरीकडे जाऊन पुन्हा मांडामांड करण्याची दोघांनाही भीती वाटत होती. बायको ते बोलून दाखवायची आणि नाकमुरडे बोलत नव्हते, एवढाच फरक.

वकीलसाहेबांनी चेक लिहिला, सही केली आणि टेबलाच्या खणात ठेवला. दोन दिवसांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. चेक हाती दिला तो त्यांच्या सुनेने. तिने तो चार घड्या घालून बिलाला तीन पिना मारून जोडला होता. देताना लक्षात आलं की बिल दुसऱ्याच कुणाचं आहे, म्हणून तिने तो खसकन ओढला. चेक अक्षरी रकमेतून आडवा फाटला आणि दोन तुकडे झाले.

"चालतं हो," सून म्हणाली. "आणि आता बाबांचा हात चालत नाही, तेव्हा दुसरा काही मिळायचा नाही."

नाकमुरड्यांनी दोन्ही तुकडे वहीत घालून दुकानात आणले. वाटभर ते त्या सुनेच्या नावाने बोटं मोडत होते. मग त्यांनी तेच केलं जे ते सव्वीस वर्षं करत आले होते. चेक सांधला. अक्षराचा पाय अक्षराला भिडवला, नक्षीची रेघ रेघेला. सकाळी शिकंज्यातून काढला तेव्हा बायकोने तो उजेडात धरला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "अहो, कुठे फाटला होता?" एवढी शाबासकी त्यांना वर्षभर पुरली असती.

बँकेत चेक टाकायचं एक यंत्र होतं. त्याने चेक आत घेतला, चावल्यासारखा आवाज केला आणि बाहेर ओकला. तीन वेळा. रांगेतल्या लोकांनी सल्ले दिले, ते नाकमुरड्यांनी कवडीमोल ठरवले. मग ते खिडकीपाशी गेले. खिडकीवर दोऱ्याने बांधलेलं पेन होतं आणि त्यात शाई नव्हती. पैसे भरायची स्लिप वाकडी छापलेली होती. आतल्या बाईंच्या मागे सुतळीने आवळलेल्या फायलींचे ढीग होते, कोपरे फुटलेले, पाठी मोडलेल्या. ज्यांना स्वतःचे कागद धड ठेवता येत नाहीत त्यांच्याकडे माणसं जन्माची कमाई ठेवतात, याचं त्यांना हसू आलं.

बाईंनी तारीख पाहिली, सही पाहिली, मग चेक दोन बोटांत धरून चोळला. "जाड लागतोय," त्या म्हणाल्या.

नाकमुरड्यांनी खरं ते सांगितलं. फाटला होता, मी सांधला.

"कुठे फाटला होता?"

त्यांनी दाखवलं. बाईंनी चष्मा काढून पाहिलं, चष्मा घालून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही. कारकिर्दीत पहिल्यांदाच नाकमुरड्यांच्या कामाची इतकी बारकाईने तपासणी होत होती, आणि त्यांची छाती फुगली. बाईंनी चेक परत सरकवला आणि साहेबांना भेटा म्हणाल्या. साहेब ट्रेनिंगला गेले होते.

दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या दिवशी भेटले, तर ओळखपत्राची नक्कल मागितली. ती काढायला झेरॉक्सवाल्याकडेच जावं लागलं. त्याने ती वाकडी काढली आणि खोलीचं काय ठरलं असं विचारलं. मग बिल मागितलं. मग वकीलसाहेबांचं सहीचं पत्र. ज्याचा हात गेला त्याची सही कशी आणायची, असं विचारल्यावर साहेबांनी नियमाकडे, म्हणजे छताकडे, बघितलं. शेवटी वकीलसाहेबांच्या घरी फोन लावला. सुनेने चेक बाबांचाच असल्याचं सांगितलं, पण फाटला कसा ते तिला आठवत नव्हतं. खेटे घालून नाकमुरड्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. महिना संपायला पाच दिवस उरले होते.

पाचव्या खेपेला बायकोही बरोबर आली. साहेब वयाने त्यांच्या मुलासारखे, पण बोलायला शांत. तेच जास्त झोंबत होतं.

"काका, चेक फाटलेला असेल तर त्याला नियम आहे. चेकच्या पाठीवर आम्ही हमी लिहितो, शिक्का मारतो, चेक वटतो. पण हा फाटलेला नाही. आणि अख्खाही नाही. दोन चेकचे अर्धे जोडून आणणारे लोक असतात. मी हमी कशावर लिहू?"

"मी सांगतोय ना, फाटला होता."

"तुम्ही सांगताय. चेक सांगत नाही."

नाकमुरड्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे दीडशहाणे! कामात खोट सापडत नाही हीच यांच्या लेखी खोट. जिभेवर बरंच काही आलं होतं. पण बायको त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत खोली होती.

"फाटलेला दाखवला तर घ्याल?" त्यांनी विचारलं.

"घेऊ की. त्याला नियम आहे."

त्यांनी कोमट पाणी मागितलं. शिपायाने ते चहाच्या कपात आणून दिलं. साहेबांच्या टेबलावर चेक पालथा घालून नाकमुरड्यांनी बोट ओलं केलं आणि जोडावरून, फक्त जोडावरूनच, हलकेच फिरवलं. खळ चांगली होती म्हणूनच सुटली. वाईट डिंक असता तर चेक घेऊन गेला असता. पापुद्रा टोकाला उचलला गेला, त्यांनी तो श्वास रोखून सोलून काढला, आणि चेकचे दोन तुकडे झाले. बायकोने तोंड दुसरीकडे वळवलं.

"आता कसं!" साहेब खुश झाले. त्यांनी खणातून चिकटपट्टी काढली, दाताने तोडली आणि तुकड्यांवर मारली. तुकडे खालीवर बसले. अक्षर मधोमध मोडलं. पट्टीत हवेचा फुगा राहिला, एक केस अडकला आणि साहेबांचा अंगठा उमटला. त्यावर वाकडा शिक्का बसला. मग त्यांनी टेबलावरचा ओला पापुद्रा हाताने झटकून केराच्या टोपलीत टाकला.

"असाच आणला असता तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं, काका."

नाकमुरडे "आभारी आहे" म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली. आयुष्यभर त्यांनी अनेकांना तुच्छ लेखलं होतं, पण त्या दोन शब्दांनंतर स्वतःला लेखलं तितकं कुणालाच नाही.

तीन दिवसांनी पैसे जमा झाले. खोली त्यांची झाली. झेरॉक्सवाल्याने हात पुढे करून अभिनंदन केलं, बायको देवापुढे बसून रडली. नाकमुरडे शिकंज्याला तेल देत राहिले. एकदाही त्यांनी बँकेचं नाव काढलं नाही.

त्याच आठवड्यात एक बाई आल्या. नोकरीचा जुना दाखला होता, घडीवर फाटून दोन झालेला. कोणीतरी सांगितलं होतं की इथे जोड अजिबात दिसत नाही. नाकमुरड्यांनी तुकडे जुळवून पाहिले. काठ स्वच्छ होते, काम देखणं झालं असतं. त्यांचा हात खळीच्या वाटीकडे गेला.

"कुठे द्यायचाय हा?" त्यांनी विचारलं.

"पेन्शनच्या ऑफिसात."

हात वाटीवरच थांबला. आत बायकोची सुई थांबली. नाकमुरड्यांनी तुकडे एकावर एक ठेवले आणि बाईंपुढे सरकवले.

"कोपऱ्यावरच्या दुकानातून चिकटपट्टी घ्या," ते म्हणाले. "आणि वाकडी लावा. सरळ लावलीत तर परत पाठवतील."