कोरा कॅनव्हास आणि सासूबाईंची खुर्ची

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. भुताच्या गोष्टी रंगवून सांगणं हा माझा जुना उद्योग, आणि त्यातल्या एकीवरही माझा स्वतःचा कधी विश्वास नव्हता. ही मात्र मी रंगवत नाहीये… रंगवणारा दुसराच आहे.

२००४ चा फॉल, पानगळीचे दिवस. अमेरिकेतल्या श्रूजबरीतलं आमचं घर. मी, बायको मेधा आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. मला नाद जुन्या फोटोंचा — त्यातही एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांच्या फोटोंचा. गंमत बघा, ज्या कॅमेऱ्यानं यांच्या पोटावर पाय दिला, त्याच्याचसमोर हे ब्रश धरून ऐटीत बसायचे. एका अँटिक शॉपमधून आणलेला असाच एक तपकिरी फोटो मी फॅमिली रूममध्ये लावला होता. मखमली कोट, पांढरी दाढी आणि शेजारी स्टँडवर कॅनव्हास — पूर्ण कोरा. कोराच होता, हे मी छातीठोकपणे सांगतो. कारण "बिचाऱ्याला गिऱ्हाईकच मिळालं नाही" हा पाहुण्यांसाठीचा माझा ठरलेला जोक होता.

सर्वपित्रीला सासूबाईंनी साग्रसंगीत स्वयंपाक केला. घरामागच्या लाकडी डेकवर ठेवलेलं पान कावळ्याऐवजी खारीनं उष्टावलं. मग त्यांनी वाटीभर खीर आणि एक वडा त्या फोटोखाली ठेवला.

"अहो आई, तो कोण कुठला गोरा माणूस…"

"असेना का. त्याला इथे कोण जेवू घालतंय?" मग फोटोकडे वळून, "जेवा हो सावकाश," म्हणाल्या आणि समोरच्या रॉकिंग चेअरवर वाती वळत बसल्या. दुपारची ती त्यांची रोजची जागा.

काही दिवसांनी कॅनव्हासवर एक रेघ दिसली. मी काच पुसली. रेघ आतच होती. पुढे तिचा अंबाडा झाला.

"जुना फोटो आहे, डाग पडतात यार," मेधा म्हणाली. मग त्या डागाच्या नाकात चमकी आली — थेट सासूबाईंची.

इकडे सासूबाई जिना चढताना धापा टाकायला लागल्या. जेवण तुटलं. डॉक्टरनं सगळ्या टेस्ट केल्या — नॉर्मल. चेहरा तिकडे भरत होता, इकडे ओसरत होता. आम्ही त्यांच्यापाशी अवाक्षर काढलं नाही. एका दुपारी त्याच म्हणाल्या, "आता डोळे तेवढे राहिलेत, नाही का हो विनायकराव?"

"तुम्हाला… दिसतंय?"

"रोज समोर बसते की मी. खाल्लेल्या खिरीला जागतोय बिचारा. मन लावून काढतो हो."

मी त्यांना हात धरून उठवलं आणि खुर्ची सरळ गराजमध्ये नेऊन ठेवली. फोटो उतरवला, टॉवेलात गुंडाळला, खोक्यात घालून टेप लावली आणि बेसमेंटमध्ये पालथा ठेवला. आठवड्याभरात सासूबाई पुरणपोळ्या लाटत होत्या आणि माझ्या मराठीला नावं ठेवत होत्या.

आज त्या पुण्यात ठणठणीत आहेत. हे काय होतं, मला माहीत नाही. मेधा तर विषयच काढू देत नाही. पण सासूबाई दर रविवारी फोनवर शेवटी हळूच विचारतात, "डोळे काढले का हो त्यानं?"

"छे हो आई, अजून नाही," मी अगदी बघून आल्यासारखं सांगतो.

खोक्याची टेप अजून तशीच आहे.